फ्रान्समधलं रोकफोर गाव – कोणी गेलंय का? रविवार घालवण्यालायक आहे का?

धरमपेठचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. नागपूरला मिहानमधल्या आमच्या युनिटमधून आम्ही तिघं जण सध्या ट्रेनिंगसाठी फ्रान्समधे तुलुझला येऊन राहिलो, तीन महिने झाले की परत. विमानाचं काम, त्यामुळे सोम ते शुक्र डोकं वर काढायला होत नाही, शनिवार-रविवार मात्र पूर्ण रिकामा अन् तुलुझ तं आता पायी फिरून फिरून पाठ झालं.

आमच्या टीममधे एक फ्रेंच पोरगा आहे, त्याचं आजोळ अव्हेरों नावाच्या जिल्ह्यात. तो मागे लागला आहे की येत्या रविवारी माझ्यासोबत चल, मी आजीला भेटीन, तुला रोकफोरला सोडतो, संध्याकाळी उचलतो. पूर्ण नाव रोकफोर-स्यूर-सूल्झाँ. मी नकाशा उघडून पाहिला तं एक उभा कडा, त्याच्या पोटाला चिकटलेली एक-दोन रस्त्यांची वस्ती, खाली नाला म्हणावा एवढी नदी. पाच-सहाशे लोकं राहतात म्हणे. आपल्या एखाद्या फ्लॅट स्कीममधे याच्याहून जास्त माणसं असतात बे! अन् नाव जगभर, ते निळ्या बुरशीच्या चीजमुळे.

तर विचारायचं हे की दिवसभर तिथं करायचं काय? दुसरं, मी शाकाहारी आहे, अंडंही नाही, तं हे चीज चालते का? घरी फोनवर सांगितलं तं आई म्हणते बुरशी लागलेलं खायला एवढ्या दूर कशाला गेला, इथं पावसाळ्यात ब्रेडला फुकटात लागते.

तुलुझ_रिटर्न

जा भाऊ जा, डोळे झाकून जा. मी तुलुझला दोन वर्षं होतो, तेव्हा दोनदा गेलो, एकदा पाहुणे आले म्हणून अन् एकदा स्वतःच्या मनानं.

आधी शाकाहाराचं सांगून टाकतो म्हणजे तिथं जाऊन धर्मसंकट नको. चीज मेंढीच्या कच्च्या दुधाचं असते, उकळलेलं नाही. पण दूध फाडायला जे रेनेट टाकतात ते जनावराच्या पोटातलं, म्हणजे दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरातून काढलेलं. पॅकेटवर हिरवा ठिपका वगैरे भानगड तिकडे नाही, कोणी आपणहून सांगणारही नाही. तुझ्या हिशोबानं चालणार नाही. मी खाल्लं, मला आवडलं, खारट, तिखटसर, जिभेवर थोडं चुरचुरते, वास मात्र पहिल्यांदा तळपायाचा वाटते.

आता गाव. दुकानं, गुहा बघायला येणाऱ्यांची पार्किंग, एक चर्च, वर कड्यावर चढून जायला पायवाट, संपलं गाव. वरून पाहिलं ना, की समोर सगळं उघडं पठार दिसते, झाड कमी, दगड जास्त. खरी गंमत गावाच्या वर नाही, खाली आहे. घरांच्या खाली तळघरं, तळघराखाली अजून तळघरं, काही ठिकाणी कित्येक मजले खोल, अन् सगळीकडे लाकडी फळ्यांवर चीजच्या चकत्या ओळीनं उभ्या. एकेक चकती अडीच-तीन किलोची.

आल्बीवरून ये, ते शहरही वाटेत होऊन जाईल, दोन-अडीच तास लागतात. बसच्या भरवशावर राहू नको, तुझा दोस्त सोडतो म्हणते तेच बरं. अन् भर उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घे. आत आठ ते बारा डिग्री असते, मी हाफ शर्टात गेलो होतो अन् गाईडचं अर्ध बोलणं दात वाजण्यात गेलं.

धरमपेठचा_पोट्टा

आठ डिग्री?? एसी लावून ठेवला आहे का आत?

तुलुझ_रिटर्न

नाई ना, तेच तं. एसी बिसी काही नाही. आपला कूलर समज, डोंगरानं लावलेला. दगडात फटी आहेत, त्यातून गार हवा येते.

दगडगोटे

कूलरचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. मी भूगर्भशास्त्र शिकवते, रोकफोरला गेलेली नाही, पण हे ठिकाण वर्गात उदाहरण म्हणून दरवर्षी सांगते कारण पोरांना चुनखडी एरवी फार कंटाळवाणी वाटते.

आपल्याकडे सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला जे सुरू होतं तो बेसाल्ट, लाव्हाचा काळा दगड, त्याची झीज होऊन आपली काळी माती. रोकफोरच्या भोवतीचा मुलूख याच्या अगदी उलटा. त्या पठारांना 'कोस' म्हणतात, समुद्राच्या तळाशी साचलेली ज्युरासिक काळातली चुनखडी. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, भेगा रुंद होत जातात, त्यामुळे पाऊस पडला की पाणी वर थांबतच नाही, सरळ पोटात जातं. वर नदी नाही, विहीर लागणं कठीण, मातीचा थर पातळ. गहू पिकवायला गेलात तर उपाशी मराल, पण मेंढी जगते. म्हणून तिथल्या लोकांनी मेंढ्यांसाठी गोल खड्डे खणून तळाला दगड बसवले आणि पावसाचं पाणी अडवलं, त्याला 'लावोन्य' म्हणतात. शेततळ्याचं प्लास्टिक यायच्या कितीतरी आधीचं शेततळं म्हणा. पठारावर गेलास तर एखादं नक्की बघ.

आता गुहा. गावावरचा डोंगर म्हणजे कोंबालू. वर चुनखडीची जाड टोपी, खाली चिकणमातीचे घसरडे थर. पाणी मुरून खालचा थर ओला झाला आणि वरच्या टोपीची कड तुटून घसरली, कोसळली. रोकफोर गाव त्या कोसळलेल्या ढिगाऱ्यावर बसलंय, साधारण दोन किलोमीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद पट्टा. ढिगारा म्हणजे मोठमोठ्या शिळा एकमेकींवर आडव्यातिडव्या पडलेल्या, मधे पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांना बाहेरच्या हवेशी जोडणाऱ्या लांब भेगा. या भेगांना तिथले लोक 'फ्लरीन' म्हणतात.

कूलरची उपमा अर्धीच बरोबर आहे. ओल्या दगडांवरून हवा जाते आणि ती दमट होते, हे कूलरसारखंच. पण आपला कूलर मे महिन्यात चालतो आणि जुलैत नुसती चिकचिक करतो, कारण त्याला कोरडी हवा लागते. कोंबालूमधे गारवा मुख्यतः दगडाच्या प्रचंड साठ्यातून येतो, आतला दगड वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतो, हवा त्यातून जाताना त्याचंच तापमान घेते. आणि आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास. आतले कामगार या फ्लरीनच्या तोंडाशी बसवलेली दारं कमी-जास्त उघडून हवा सांभाळतात. बुरशीला याहून चांगलं घर माणसाला बांधून देता आलं नसतं. तिचं शास्त्रीय नावच पेनिसिलियम रोकफोर्टी, १९०६ मधे चार्ल्स थॉम नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं दिलेलं.

म्हणजे बघा, एक दरड कोसळली आणि त्यावर एक गाव हजार वर्षं पोट भरतंय. आपल्याकडे दरड म्हटलं की फक्त घाट बंद.

काटोलकर_संत्रावाला

ताई मस्त सांगितलं. मी वेगळ्या कारणानं या धाग्यावर आलो. आम्हाले जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या मीटिंगमधे दरवेळी हे रोकफोरचंच उदाहरण देते, "पहा फ्रान्समधलं एवढंसं गाव, नावाचं कसं सोनं केलं". नागपुरी संत्र्याले २०१४ साली जीआय भेटला. दहा वर्ष होऊन गेले, माह्या बागेतल्या संत्र्याचा भाव काही जीआय पाहून ठरत नाही, कळमन्याच्या बाजारात गाडी उभी राहिली की अडत्या हात फिरवते अन् भाव सांगते. अन् दिल्ली-मुंबईत ठेल्यावर जे काई नारिंगी रंगाचं दिसते ते सगळं नागपुरी. पंजाबातला किन्नोसुद्धा नागपुरी! त्याईनं असं काय केलं जे आपल्याले जमून नाई राहिलं, हे कोणी समजावून सांगन का?

तुलुझ_रिटर्न

काका, त्यांना सहाशे वर्षं लागली, आपण दहा वर्षांत कंटाळून राहिलो एवढाच फरक. 😄

मस्करी सोडा. १४११ साली राजा सहावा चार्ल्स यानं रोकफोरच्या लोकांना हक्क लिहून दिला की हे चीज पिकवायचं तर तुमच्याच गुहांत. १६६६ मधे तुलुझच्या पार्लमेंटनं, म्हणजे तेव्हाच्या वरच्या कोर्टानं, दुसरं चीज रोकफोर म्हणून विकणाऱ्यावर बंदी घातली. म्हणजे नकली माल तेव्हाही होता. १९२५ मधे यासाठी वेगळा कायदाच झाला, फ्रान्समधे चीजच्या नावाला असं संरक्षण मिळालेलं हे पहिलं. १९५१ मधे इटलीत स्त्रेझाला करार झाला, त्यात दुसऱ्या देशांनीही हे नाव मान्य केलं. १९६१ मधे बाजूच्याच मियो गावच्या कोर्टानं अजून घट्ट करून टाकलं की पद्धत कुठंही वापरा, पण कोंबालूच्या पायथ्याच्या नैसर्गिक गुहेत पिकलं नसेल तर रोकफोर म्हणायचं नाही.

म्हणजे त्यांनी नावाला डोंगराशी बांधलं. डोंगर काही कोणी उचलून पंजाबात नेऊ शकत नाही.

काटोलकर_संत्रावाला

हौ, इथंच तं मेख आहे. संत्र्याचं कलम पिशवीत घालून कुठंही नेता येते.

पण एक शंका. पाच-सहाशे लोकांच्या गावात एवढ्या मेंढ्या येतेत कुठून? दूध तं बाहेरूनच येत असन. मग गावाचं नाव, गावाचा फायदा, अन् मेंढीवाला राहते बाजूलाच. आपल्यासारखंच झालं ना हे, संत्रा काटोल-नरखेड-वरुडचा, नाव नागपूरचं.

तुलुझ_रिटर्न

शंका एकदम बरोबर. मेंढ्या गावात नाहीत, भोवतालच्या पठारांवर दूरदूरपर्यंत आहेत, अन् फक्त लाकोन जातीच्या. एक काळ तर असा होता की दूध कमी पडते म्हणून कॉर्सिका बेटावर पांढरं चीज बनवायचे अन् ते जहाजानं आणून इथल्या गुहेत पिकवायचे. नाव रोकफोरचंच! नंतर नियम आवळले, आता दूधही ठरलेल्या पट्ट्यातलंच लागते.

अन् मेंढीवाले बाजूलाच राहिले असं पूर्ण नाही. १९३० पासून दूधवाले अन् चीजवाले यांचं एकच मंडळ आहे, दोघं एका टेबलावर बसतात. भांडतात, पण एका टेबलावर. लाल मेंढीचं लेबल त्या मंडळाचं, सातही कंपन्यांच्या मालावर तेच. हो, चीज बनवणारे फक्त सात आहेत, त्यातला एक खूप मोठा, बाकी लहान.

एक किलो चीजला साडेचार लिटरच्या आसपास दूध लागते. मेंढी दूध देते किती, अन् वर्षभर देतही नाही. म्हणून कोकरं लवकर आईपासून तोडायची, दूध चीजला. मग कोकरांचं काय? मांस झालं अन् कातडं बाजूच्या मियो गावात. मियो हातमोज्यांसाठी प्रसिद्ध, मऊ कोकराच्या कातड्याचे. पॅरिसच्या बायांच्या हातात मोजे अन् ताटात चीज, दोन्ही एकाच मेंढीच्या घरातून.

गुहेतलं काम मुख्यतः बायकांचं, त्यांना काबानिएर म्हणायचे. चकत्या खरवडायच्या, पालटायच्या, दिवसभर त्या गारठ्यात. जुन्या फोटोत जाड लोकरीचे कपडे घालून उभ्या दिसतात. मेंढपाळाच्या प्रेमकथेचा बोर्ड सगळीकडे लावला आहे, म्हणजे तो पोरगा भाकर-चीज गुहेत विसरून पोरीच्या मागे गेला अन् परत आला तं बुरशी लागलेली, वगैरे. मला ती कथा दुकानदारांनी बनवल्यासारखी वाटते. खरवडणाऱ्या बायांबद्दल जास्त लिहायला पाहिजे होतं.

वर्धा_लाईन

लय दिवसांनी कामाचा धागा. दोन गोष्टी मी टाकतो, कारण दोन्हीचा धागा आपल्या अंगणात येते.

पहिली, काटोलकर काकांसाठी. बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं अन् आपल्या इकडे बागा झाडावरच राहिल्या, आठवते ना? तसंच यांच्यासोबत १९९९ मधे झालं. युरोपनं हार्मोन दिलेल्या जनावरांचं अमेरिकन बीफ घ्यायला नकार दिला, तं अमेरिकेनं चिडून रोकफोरसकट कित्येक वस्तूंवर १०० टक्के कर लावला. चीजवाल्याचा बीफशी काय संबंध? काहीच नाही. मग ऑगस्ट १९९९ मधे मियोत मॅकडोनाल्डचं बांधकाम सुरू होतं, तिथं शेतकरी गेले अन् दिवसाढवळ्या, बायकापोरांसमोर, ते खोलून ठेवलं. पुढे होता जोझे बोव्हे, तोही मेंढीवालाच, रोकफोरसाठी दूध घालणारा. जेलमधे गेला अन् हिरो होऊन बाहेर आला.

दुसरी गोष्ट. ही माणसं अशी एकदम पेटून उठली नाहीत, त्यांची तालीम आधीच झाली होती. रोकफोरच्या बाजूला लार्झाक नावाचं पठार आहे, दगडगोटे ताईंनी सांगितलं तसलंच. १९७१ मधे सरकारनं ठरवलं की तिथला लष्कराचा कॅम्प तीन हजार हेक्टरवरून सतरा हजार करायचा. सरकारला वाटलं दगड अन् मेंढ्या, कोण बोलणार. १०३ शेतकऱ्यांनी शपथ घेतली की जमीन सोडणार नाही. १९७२ मधे साठ मेंढ्या नेऊन पॅरिसमधे आयफेल टॉवरखाली सोडल्या! दहा वर्षं चाललं, हातात काठीसुद्धा न घेता. १९८१ मधे मित्तेराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला अन् त्यानं योजना रद्द केली.

आता ऐका. १९७२ मधेच, शपथेच्या आधी, तिथं एक पांढऱ्या दाढीचा माणूस येऊन पंधरा दिवस उपोषणाला बसला. लांझा देल व्हास्तो, मूळचा इटलीचा. हा माणूस १९३६ च्या शेवटी भारतात आला, वर्ध्याला येऊन गांधीजींजवळ राहिला, अन् बापूंनी त्याचं नाव ठेवलं शांतिदास. परत जाऊन त्यानं आश्रमासारखी वस्ती काढली, सूत कातणारी, ती लार्झाकपासून फार दूर नाही. म्हणजे तो पोट्टा ज्या पठारावरून जाणार आहे तिथल्या आंदोलनात वर्ध्याचं सूत आहे, अक्षरशः.

माझे आजोबा वर्ध्याचे. घरात चरखा होता, आम्ही लहानपणी त्याच्या चाकाची गाडी केली होती. मला हे शांतिदासचं वयाच्या चाळिशीत कळलं, तेही फ्रेंच चीजबद्दल वाचताना.

दगडगोटे

वर्धा_लाईन, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी वर्गात चुनखडीसोबत हेही जाणार.

नाव_नाही_सांगत

चीज महाग असते, आपलं पनीर बरं. बाकी चालू द्या.

धरमपेठचा_पोट्टा

जाऊन आलो मंडळी. स्वेटर विसरलो. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार, नका म्हणू.

गुहेत शिरलो तेव्हा बाहेर तेहतीस डिग्री होतं, घामानं शर्ट ओला, अन् पाच मिनिटांत तो ओला शर्ट पाठीवर बर्फासारखा. गाईड बाईनं एका ठिकाणी भिंतीतल्या फटीसमोर हात धरायला सांगितला. ताई, खरंच हवा येते, हळू, पण येत राहते, थांबत नाही. डोंगर श्वास घेऊन राहिला असं वाटलं एक मिनिट, मग शिंक आली अन् तो विचार गेला.

चीज नाही खाल्लं. दोस्तानं दहा वेळा विचारलं, रेनेटचं सांगितलं तं त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्यानं आजीला विचारलं. आजी म्हणाली हो, आमच्या लहानपणी घरीच काढायचो कोकराचं. अन् मग तिनं माझ्यासाठी अंड्याशिवाय काय बनते याचा अर्धा तास विचार केला अन् शेवटी उकडलेले बटाटे अन् टमाटे दिले. आजीची भाषा फ्रेंचसुद्धा पूर्ण नाही, मधे मधे ऑक्सितान, म्हणजे तिकडची जुनी भाषा, दोस्ताला अर्धी समजते. शहरात गेलं की पोरं ती बोलायला लाजतात म्हणे. मी म्हटलं आमच्याकडे पुण्याला गेलेली पोरं "करून राहिलो" म्हणायला लाजतात, सेम आहे.

येताना त्यानं लार्झाकवरून गाडी घेतली, मीच मागे लागलो होतो. लावोन्य पाहिलं, गोल, दगडी, तळाशी थोडं हिरवं पाणी अन् काठावर मेंढ्यांच्या लेंड्या. मी शांतिदासचं नाव घेतलं तं दोस्त गाडी चालवता चालवता माझ्याकडे पाहायला लागला की तुला हे कोणी सांगितलं. आजोबा त्याचे त्या मोर्च्यांना जायचे. म्हटलं माझ्या गावापासून वर्धा सव्वा-दीड तासावर आहे. त्याला ते खरंच वाटेना, त्यानं गाडी बाजूला लावून मॅपवर पाहिलं.

काटोलकर_संत्रावाला

भारी. पण मुद्द्याचं सांग, दूधवाल्याले लिटरमागे काय भेटते हे विचारलं का आजीले?

धरमपेठचा_पोट्टा

विचारलं काका. आजीनं आधी डोळे वटारले, मग म्हणाली की तिच्या नवऱ्यानं आयुष्यभर दूध घातलं अन् आयुष्यभर भावावरून शिव्या घातल्या, अन् तरी एक दिवसही घालणं चुकवलं नाही. आकडा नाही सांगितला.

काटोलकर_संत्रावाला

म्हणजे आपल्यासारखीच माणसं आहेत.

बरं त्या लाल मेंढीच्या लेबलचा जवळून फोटो असन तं टाक. कागद कसा आहे, चिकटवला आहे का छापला आहे, पेटीवर आहे का प्रत्येक नगावर, एवढं दिसलं पाहिजे. आमच्या मीटिंगमधे फुलांचे हार अन् बिस्किटं यातच वेळ जाते, यावेळी हा फोटो घेऊन जातो.

धरमपेठचा_पोट्टा

प्रत्येक नगावर आहे काका, चांदीच्या रंगाच्या पन्नीवर. मी एक रिकामी पन्नी आजीच्या कचऱ्यातून उचलून आणली आहे तुमच्यासाठी, धुऊन ठेवली तरी वास काही जाऊन नाही राहिला. बॅगेत वेगळ्या पिशवीत आणतो.